एक माकड सोड

"चारही?" बहिणीनं विचारलं. "दादा, चारही माकडांना दिलंस?"

प्राणिसंग्रहालयाचा डॉक्टर हात पुसत पिंजऱ्यामागच्या खोलीतून बाहेर आला. "कालच दिलं, केळ्यात घालून. नवीन जनावर आलं की आधी जंताचं औषध, हा इथला शिरस्ताच आहे."

"एकाला देऊ नकोस म्हणून मी हात जोडले होते तुझ्यापुढे!"

"मला वाटलं, गंमत करतेयस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंमत! या जातीची जगात एवढीच चार माकडं उरली होती, आणि त्यांच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात सापडत नव्हता. जंतांवर संशोधन करते म्हणून विद्यापीठात सगळे तिला जंतबाई म्हणायचे, ते तिनं हसून सोडून दिलं होतं. पण हा घरचा माणूस, आणि वर डॉक्टर.

"अगं, शेवटी जंतच तो," दादा समजूत घालायला लागला. "दुसऱ्याच्या पोटात बसून फुकट खाणारा. माकडाशी कसली बरोबरी करतेस त्याची?"

"जंगल तोडणारे माकडाबद्दल काय म्हणत होते? फुकट खातं, नासधूस करतं, कुणाच्या कामाचं नाही. तेव्हा भर सभेत तूच टेबल आपटत होतास ना? आता जा, बस त्यांच्याच शेजारी."

पलीकडे शाळेची मुलं काचेला नाकं लावून माकडांना हाका मारत होती.

तिनं बाह्या वर सारल्या आणि पिंजऱ्यामागच्या गटाराची जाळी उचकटली. सकाळी पिंजरा धुतलेलं पाणी तिथं तुंबलं होतं. औषधानं असले जंत पोटातच विरघळून जातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि दातओठ खात दोन्ही हातांनी तो गाळ उपसत राहिली. दादाचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

जरा वेळानं तोही शेजारी बसला. त्यानंही घाणीत हात घातला.

"दिसतो कसा, ते तरी सांग. मी शोधतो."

"मला काय माहीत!" ती ओरडली. "अंडी तेवढी बघितली होती मी. तो दिसतो कसा, हे बघायलाच तर एक माकड सोड म्हणत होते!"