मधूची राखण

"भुऱ्या खायला बसला की लेकराला पायरीखाली उतरवायचं नाही. घरचा असला तरी राखणीचा कुत्रा आहे तो."

सासऱ्यांचे हे शब्द कोकिळेला पाठ होते. लेकरू तेव्हा पोटात होतं. आता सासरे नव्हते, आणि शनवारा वेशीजवळच्या सरकारी दवाखान्यात तिच्या मांडीवर मधू हुंदके देत होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं फडक्यात गुंडाळलेली होती.

"चावलेला कुत्रा घरचाच ना?" कंपाउंडर म्हणाला. "मग मारू नका, सोडू नका. दहा दिवस बांधून ठेवा, खाऊ घाला, नजर ठेवा. पिसाळला तर पोटात सुया घ्याव्या लागतील." मग हसला. "आपल्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली बाई, सुया मात्र पोटातच राहिल्या."

कोकिळा मधूला घेऊन घरी आली.

निरोप मिळताच तिचा नवरा लीलाधर नेपानगरच्या कागद कारखान्यातून आला. "तू कुठं होतीस?"

"विहिरीवर. दुपटी धुवायला. दाराला आडवी फळी लावून गेले होते."

"फळी लावली होती? मग पोरगा काय उडून गेला अंगणात?"

ती परतली तेव्हा फळी भिंतीला टेकलेली होती. लावल्याचं तिला लख्ख आठवत होतं. पण आता त्या आठवणीचाही भरवसा वाटेना.

"नको रे बोलू तिला," सासू मालूबाई हळूच म्हणाली. तिचं बोलणं नेहमीच असं, समईजवळ बोलावं तसं. "मी देवाच्या कामात होते. नाहीतर..."

"खकनारला बहिणीकडे, मंगलाआक्काकडे नेऊन ठेवतो पोराला. हिच्या भरवशावर नाही ठेवायचा," लीलाधर म्हणाला.

 कोकिळेनं मधूला छातीशी धरलं.

"मी आहे ना घरात," मालूबाई म्हणाली. "ही कामाला गेली की मधू माझ्याजवळ. कुठं नेऊ नको."

लीलाधर आईच्या शब्दाबाहेर नव्हता. कोकिळेनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, तुमच्यामुळं लेकरू राहिलं माझ्याजवळ."

"उठ ग, वेडे. चूक माणसाकडूनच होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाधर कामावर गेला. कोकिळेनं भाकरी थापल्या. पहिली भाकरी काळभैरवाच्या नावानं, त्याचं वाहन म्हणून भुऱ्याची. पूजा आटोपेपर्यंत मालूबाई ती झाकून ठेवी. मधूला सासूच्या मांडीवर ठेवून कोकिळा दुपट्यांची बादली घेऊन निघाली.

विहिरीवर बायका होत्या. एकीचा आवाज केळीच्या बागेतून आला, "कुत्र्यालाच पाळण्याची दोरी दिली होती म्हणे हिनं!" बाकीच्या खिदळल्या.

कोकिळेचे पाय थबकले. आज ह्यांना तोंड कसं दाखवायचं? ती आल्या वाटेनं परत फिरली. कुंपणाशी पोचली, तर ओट्यावर मालूबाई उभी होती, ओलेत्यानं, कडेवर मधू. खाली भुऱ्या साखळी ताणत होता.

मालूबाईनं भाकरीचा तुकडा मोडून मधूच्या मुठीत दिला.

"उजवा हात दुखतोय रे लेकराचा," डोळे मिटून ती भैरवाला म्हणत होती. "हा चालायला लागेपर्यंत रोजचा घास ह्याच्याच हातचा, असा नवस बोललेय मी तुला. खंड पडू देणार नाही. आज एवढा डावा हात गोड मानून घे."

आणि ती सावकाश पायरी उतरू लागली.