उजव्या हाताचा विमा

येणारे संकट ज्याला आधीच दिसते, त्याने केवळ न येणाऱ्या संकटांचाच विमा विकावा, हा व्यवहार कायद्याला मान्य होता. धर्माला तो मान्य असेल, असे वाटत नाही.

तांबट आळीतील त्र्यंबकराव आपल्या कारखान्यासाठी विमा निवडत होते. विमा कंपनीच्या भविष्यदर्शी यंत्राने आग, पूर, चोरी, साऱ्यांचे विमे देऊ केले.

“म्हणजे कारखाना सुखरूप!” पत्नी अनसूया हरखली. “आता यांच्या हातांचा विमा.”

“डावा मिळेल,” यंत्र म्हणाले. “उजवा नाही.”

“अहो, पुन्हा विचारा ना त्या मेल्याला!”

उत्तर बदलले नाही. त्र्यंबकरावांनी अर्धवट ठोकलेले तांब्याचे घंगाळ पुढे ओढले.

“एका भांड्यावर ठोके पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताचे लागतात, अनसूये. एवढे पुरे करतो. नवे आता धरणार नाही.”

अनसूयेने घंगाळ धरून ठेवले. त्या दोघांचे कल्याण असो.