दहा फुटांची मोकळीक

काकांचं शेत म्हणजे आखलेल्या वहीचं पान. बांधावर चुकार गवत दिसलं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पण दर पावसाळ्यात ओढा काठाची माती ओरबाडून न्यायला लागला, तेव्हा काकूंनी सरकारी योजनेचा अर्ज भरला. काठची दहा फूट जमीन वर्षभर गवताला मोकळी सोडायची, की अनुदान मिळणार होतं. काकूंनी घरातली सगळी खुरपी पेटीत टाकून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

वर्षानं शेती खात्याच्या बाई पाहणीला आल्या. गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि पावसाळा होऊनही काठ जागचा हलला नव्हता. काकूंच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बाई खाली वाकून निरखून बघायला लागल्या. "काकू, रानातलं गवत कधी असं सरळ ओळीत उगवतं का हो?"

काकूंनी वळून काकांकडे पाहिलं. काका स्वतःच्या चपला न्याहाळत होते.


"मी कुठं काय केलं?" ते हळूच म्हणाले. "ओळ सोडून उगवलं होतं, तेवढंच उपटलं."