पाण्याला पाणी म्हण
“विकतचं पिशवीतलं पाणी माझ्या नातवाच्या जिभेला लागणार नाही!” सेरवाआजीनं बजावून सुनेला नदीवर पिटाळलं. गुडघ्यांपायी ती वर्षभर तिकडे फिरकली नव्हती. नामकरणाला रीतीप्रमाणे अंगणात दोन वाट्या मांडल्या: एकीत पाणी, दुसरीत दारू. दोन्ही बाळाला चाखवून सांगायचं, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू, खोटं बोलू नकोस. कुमासी शहरातून आलेल्या आजीच्या भावानं नितळ दिसली त्या वाटीत बोट बुडवून बाळाला चाटवलं. “हे पाणी.” बाळानं टाहो फोडला. “मेल्या, ती दारू!” “मग दुसरं काय, ताई? कोकोचा काढा?” आजीनं वाकून पाहिलं. दुसऱ्या वाटीत तांबडा चिखल होता. “आई, नदीच तशी झालीय,” सून पुटपुटली. “वरच्या अंगाला आपल्या कोकोबागेत सोनं धुतात ना.” बाग आजीनंच खाणवाल्यांना दिली होती, कानांतल्या कुड्या त्याच सोन्याच्या. तिनं चिखलात बोट बुडवलं. “हे...” बाळाच्या ओठांशी नेलेलं बोट तिनं मागे घेतलं.