बूस्टरनंतरचा तिसरा दिवस

थर्मामीटर पुन्हा एकशे एकवर थांबला होता.

"कालच्याइतकाच," ती म्हणाली. "ना वर, ना खाली."

"चाळीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात उकळत्या टाक्यांचा ताप सांभाळला. आता अंगाचा सांभाळतोय," बाबा म्हणाले आणि डावा हात अलगद उशीवर टेकवून त्यांनी डोळे मिटले.

सोमवारी बाबा लसीकरण केंद्रावर बूस्टरचा डोस घ्यायला गेले होते. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला, तोही तिला नाही, तिच्या नवऱ्याला. जावईबापू, अंगात ताप आहे, हात वर होत नाही, घरात पाणी द्यायला माणूस नाही. लेकीला पाठवता का? नवऱ्याने दोन दिवस म्हटलं. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. आज गुरुवार होता आणि तिची बस पाचची होती.

बाबा पलंगाच्या अगदी कडेला झोपायचे. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण तिची उशी तिच्याच बाजूला होती. कोणी जागा धरायला सांगून गेल्यासारखी.

"आज काय काय दुखतंय?" तिने विचारलं.

"सांधे धरलेत. तोंड कडू आहे. काखेत गाठ आल्यासारखं वाटतंय. हात शेकायला पिशवी तेवढी भरून दे."

तिने पाणी तापवलं, रबरी पिशवी भरली, त्यांच्या पांघरुणात सरकवली. तिलाही थकवा होता. आल्या दिवशी दुपारी जरा आडवी झाली, ती थेट दिवे लागल्यावर उठली. तोवर चहा तापवाल्या माणसानेच केला होता.

"प्रवासाने झालं असेल," ती ओशाळून म्हणाली होती.

"असेल," बाबा म्हणाले होते.

दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या.

"अजून ताप? मला तर काहीच झालं नाही बाई. आमचे हे म्हणाले, तुझ्या अंगात शिरून लसच आजारी पडली असेल."

बाबा हसले नाहीत. एरवी काकूंच्या बोलण्यावर ते मनापासून हसायचे.

अकराला तिचा फोन वाजला. ती जिन्यात गेली आणि दार ओढून घेतलं.

"हो. पाचचीच. नाही, चुकणार नाही. हो म्हटलं ना."

ती आत आली तेव्हा बाबा जागे होते.

"काय म्हणतात?"

"तुमची चौकशी करत होते."

"भला माणूस," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.

जेवण झाल्यावर तिने बॅग काढली. कपड्यांच्या दोन घड्या आत गेल्या नाहीत तोच पलंगावरून आवाज आला.

"थंडी वाजतेय गं. अजून एक पांघरूण असेल तर बघ."

तिने थर्मामीटर लावायला दिला. एकशे दोन.

ती हातात साडी धरून तशीच उभी राहिली. असं तापलेल्या माणसाला टाकून जायचं कसं? आणि आज गेलं नाही तर तिकडे काय उत्तर द्यायचं? आईच्या आजारपणात एक-एक दिवस मागता मागता शेवटचा दिवस उजाडला होता. तेव्हा ती पोचली होती, आई नव्हती.

"मी केंद्रावर विचारून येते," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी ताप वाढतो म्हणजे काय?"

"कशाला उगाच? उन्हाची जाऊ नकोस."

"डॉक्टर म्हणाले राहा, तर राहता तरी येईल."

बाबांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

केंद्र दोन गल्ल्या सोडून, शाळेच्या सभागृहात होतं. टेबलामागच्या सिस्टरने नाव विचारलं, वहीत बोट फिरवलं, मग वर बघितलं.

"कारखान्यातले काका ना, उंच? त्यांनी डोस घेतलाच नाही."

"सोमवारी आले होते ते."

"आले होते. तासभर त्या बाकावर बसले. लस घेऊन बसलेल्या प्रत्येकाला विचारत होते, मागच्या वेळी काय काय त्रास झाला. कागदावर लिहूनही घेतलं. मला वाटलं, घाबरलेत. नंबर आला तर उठून गेले." सिस्टर थकल्यासारखी हसली. "समजावून पाठवा त्यांना. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत उतरतं हो. वय झालंय, घेतलेला बरा."

परतीच्या वाटेवर तिला आधी हसू आलं, मग राग. जिना चढेपर्यंत फक्त राग उरला. तिने दार उघडलं, चपला न काढताच पलंगापाशी गेली आणि पांघरूण ओढलं. पिशवी बाबांच्या काखेत होती.

"छान सांभाळलात ताप."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

"एकटं वाटत होतं तर मला सांगायचं होतं, बाबा. इथे येण्यासाठी मला किती ऐकून घ्यावं लागलं, माहीत आहे? दोन दिवस मी घाबरून बसलेय. तुमचं काही बरंवाईट झालं तर काय, आणि मला यायला उशीर झाला तर काय. आणि तुम्ही इथे दुसऱ्यांची दुखणी पाठ करून म्हणताय."

बाबा उठून बसले. पिशवी खाली ठेवली. डावा हात सहज हलला.

"एकटं वाटतं," ते म्हणाले. "पण त्याची सवय झालीय आता."

"मग कशासाठी केलंत हे?"

ती बॅगेची चेन लावायला वळली. चार वाजून गेले होते.

"फोन मी कधी आधी ठेवत नाही, तुला माहीत आहे," बाबा म्हणाले. "मागच्या रविवारी तूही ठेवायला विसरलीस. जावईबापू तुला काय काय बोलत होते, ते सगळं मला ऐकू आलं."