नदीकाठची कोठी

भूकंपात आईबाप गेले तेव्हा जन्नतबी एकोणीस वर्षांची होती आणि तिचा भाऊ जुबेर सहा वर्षांचा. मांजरेच्या काठावरची आजोबांची निजामकाळातली दगडी कोठी तेवढी शाबूत राहिली. तिथंच शिलाई मशीन चालवत जन्नतबीनं भावाला लहानाचं मोठं केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कधी निघूच दिला नाही. पुढं जुबेरनं लातुरात कोचिंग क्लास काढला आणि तिकडंच राहायला गेला. एकदा कागद घेऊन आला. "आपा, सातबाऱ्याला एकच नाव असलं की बरं पडतंय. घर तर तुझंच हाय." जन्नतबीनं न वाचता हक्कसोडपत्रावर सही केली.

काल शेजारची शिवकन्या मोबाइल घेऊन धावतच आली. त्यावर जाहिरात होती : "नदीकाठची ऐतिहासिक कोठी विकणे आहे. शांत परिसर." फोटो ह्याच कोठीचा होता आणि खाली नंबर जुबेरचा.

"कुणीतरी खोडी केली असंल," जन्नतबी म्हणाली. "तू गिऱ्हाईक बनून इचार बरं."

शिवकन्यानं स्पीकर लावून फोन केला. "कोठी पसंत हाय आमाला. पण तिथं एक बाई राहती म्हणं?"

"ती व्हय?" जुबेर हसला. "राखणीला ठेवलीय तिला. तुमी हाव म्हणा, त्याच दिशी बाहेर काढतो."