तीस थापा

एप्रिलच्या उन्हाने बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत दुरीकाकांना उतार ओलांडून ईस्टरच्या पाहुण्यांसाठी पलीकडचा निवारा उघडायचा होता. फ्लुरिनाने खड्डा खणून बर्फाचा एक खांब मोकळा कापला आणि त्यावर फावडं ठेवलं. फावड्यावर मनगटातून दहा थापा मारायच्या, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. तिसांतही खांब तुटला नाही, तर उतारावरचा बर्फ कोसळणार नाही असं धरून चालायचं.

"आटप पोरी, ऊन काही तुझ्या वहीसाठी थांबत नाही," पाठमोरे काका स्की बांधता बांधता म्हणाले.

मनगटाच्या दहा झाल्या. खांब शाबूत होता. तसं टिपून घ्यायला तिने फावडं बाजूला ठेवलं.

तेवढ्यात बर्फाखालून थाप आली. मग दुसरी. तिच्याच लयीत, सावकाश दहा.

पुढच्या दहा जड होत्या. त्या तिच्या तळपायांना जाणवल्या.

मग सगळं शांत झालं.

"तीस. मीही मोजत होतो," काका म्हणाले. "तुटला नाही ना?"

खांब खरंच तुटला नव्हता. "नाही, पण त्यातल्या वीस माझ्या—"

"मग निघतो," म्हणत काका उतारावर सरकले.

एकतिसावी थाप त्यांच्या पायांखालून आली.